शिकलगाराच्या हातातली सतार

दरवर्षी जूनमध्ये शाळेचे प्रवेशअर्ज टेबलावर येतात. सातारा-सांगलीकडच्या आपल्या मुलांच्या आडनावांकडे लक्ष द्यावे, म्हणजे एक जुनी बाजारपेठच डोळ्यांसमोर उभी राहते. अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, नदाफ, मणेर, शिकलगार, मुल्ला, मुजावर, जमादार. कोणाचे पूर्वज सुगंधी तेले विकत, कोणाचे पानाचे दुकान होते, कोणी फळबागा राखल्या, कोणी माग चालवला, कोणी कापूस पिंजला, कोणी बांगड्या भरल्या. मूल अजून 'अलिफ' किंवा 'अ' गिरवू लागलेले नसते, आणि त्याच्या पाठीवर चार-पाच पिढ्यांचा धंदा लिहिलेला असतो.

पालक मंडळी बहुधा दोन प्रकारचे बोलतात. काही म्हणतात, "आमच्या घरात शिक्षण नाही, पोरगं काय शिकणार?" दुसरे म्हणतात, "घरचा धंदा आहे, पोटापुरते मिळते, कशाला जास्त शिकवायचे?" वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध वाटतात. खरे म्हणजे दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की मूल जेथे वाढले तेथेच त्याची वाट संपते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच मुलखातील इतिहासाला विचारावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वरच्या यादीतील शिकलगार हा शब्द घ्या. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे धातूला झिलई देणे, घासून चकचकीत करणे. तलवार, कट्यार, भाल्याचे पाते यांना धार लावणारा आणि त्यांची झिलई राखणारा तो सैकलगार, आणि मराठीच्या तोंडी शिकलगार. आदिलशाही असो की मराठेशाही, ज्या गावी किल्ला आणि शिबंदी, त्या गावी शिकलगाराचे घर. मिरज हे भुईकोट किल्ल्याचे आणि लष्करी वाहतुकीचे गाव, तेव्हा तेथे ही घरे असणे ओघानेच आले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. संस्थाने उरली, पण लढाया संपल्या. १८५७ नंतर इंग्रजांनी मुलूख निःशस्त्र करण्याचा सपाटा लावला आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवारीची धार हीच भाकर होती, त्या घरात बापाने मुलाला काय शिकवावे? अनेक शिकलगार सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, विळे यांच्या धारेवर आले. ते काम कष्टाचे आणि मानाचेच होते, यात शंका नाही. परंतु दरबारचा कारागीर दारोदार फिरू लागला, हेही खरे.

मिरजेतील एका घराने मात्र निराळी वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन हे तेथे नाव मिळवून होते. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे गाण्याबजावण्याचे शौकीन. त्यांच्या आश्रयाला बाहेरून गवई-बजवय्ये येत आणि त्यांच्यासोबत त्यांची वाद्ये येत. वाद्य म्हटले की मोडतोड आलीच. कोठे भोपळा फुटला, कोठे दांडी वाकली, कोठे घोडी झिजली. उत्तरेतून आलेले वाद्य दुरुस्तीसाठी परत उत्तरेस धाडणे म्हणजे महिन्यांचे काम. त्या घराण्यात सांगतात ते असे, की ही वाद्ये दुरुस्तीसाठी फरीदसाहेबांच्या हाती आली, त्यांनी ती उघडून पाहिली, समजून घेतली, आणि पुढे नवी घडवलीही. तेव्हापासून त्यांच्या वंशजांचे आडनाव बदलत गेले. शिकलगार होते, ते सतारमेकर झाले.

येथे थोडे थांबून विचार करावा. तलवारीला धार लावणारा माणूस सतार कशी करील? लोक याला चमत्कार म्हणतात. मला तसे वाटत नाही. सतारीची दांडी, भोपळा, तबली हे सारे डोळ्यांना दिसते. चांगला सुतार ते जुळवू शकेल. परंतु वाद्याचा प्राण असतो तो घोडीच्या माथ्यावर, ज्यावरून तारा जातात. तो माथा सपाट नसतो, त्याला अगदी नजरेस न येणारा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर निसटती टेकत जाते, आणि त्यातून तो झंकारणारा, भरलेला आवाज उठतो. याला जवारी म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला तर आवाज बोथट होतो, एक कमी पडला तर तार करकरते. पात्याच्या कडेवर केसाइतका फरक बोटाने ओळखण्याची ज्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्याच हाताने जवारी काढली. कानस तीच होती, हात तोच होता, कडेकडे बघणारी नजरही तीच होती. नवीन लागला तो फक्त कान, आणि मिरजेत गवयांच्या सहवासात तोही तयार झाला.

म्हणजे घराने त्या मुलांना दिला तो निव्वळ धंदा नव्हे. धंदा तर इंग्रजी अमलाने हिरावून घेतला. घराने दिली ती तरबियत. आपल्या बोलीत आपण 'तालीम व तरबियत' असे जोडीने म्हणतो, आणि बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ शिक्षण असाच धरतो. तालीम म्हणजे शिकवणे. तरबियत म्हणजे वाढवणे, वळण लावणे. तालीम शाळेत मिळते, मदरशात मिळते, उस्तादापुढे बसून मिळते. तरबियत मिळते ती अब्बांच्या शेजारी बसून, त्यांनी हत्यार कसे ठेवले, खोटे काम आले तेव्हा ते काय म्हणाले, गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याच्याविषयी ते कसे बोलले, हे पाहता पाहता.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही हे पाहावयास मिळते. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या गावांतून. हा खाण्याचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो वेलावर पूर्ण पिकू द्यावा लागतो आणि नंतर महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. मग तो कापून, भिजवून, आतील गर खरवडून त्याला आकार द्यावयाचा. दांडी आणि तबली तूण लाकडाची. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, किती जाड ठेवावी हे मोजपट्टीने नव्हे तर टिचकी मारून ठरते. मग गळ्यावर पानांचे नक्षीकाम, खुंट्या, पडदे, तरफा, चपड्याचे पॉलिश. घरचे मूल आधी खरवडणे आणि घासणे यांनी सुरुवात करते. जवारी काढणे हे काम सर्वांत शेवटी हाती येते. तंबोऱ्याच्या जवारीत तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. ती जागा सापडली की साऱ्या खोलीचा नूर पालटतो, आणि मुलाला ती कळली की नाही हे वडिलांना त्याच्या चेहऱ्यावरून कळते.

या वाद्यांवर भारतातले मोठमोठे गवई गायले. त्यातील एक नाव मिरजेशी कायमचे जोडलेले आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १८७२ साली उत्तरेत कैराना येथे जन्मले, आणि फिरत फिरत या मुलखात आले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना २७ ऑक्टोबर रोजी सिंगपेरुमाल कोइल या लहानशा स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला. दफन मात्र मिरजेस, याच दर्ग्याच्या आवारात झाले. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद कोणी विचारत नाही. खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती उत्तम करीत, हेही सतारमेकरांच्या गावात सांगण्यासारखे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास चालविला, तेव्हा गळ्याची साक्ष दिली ती खाँसाहेबांनी.

खाँसाहेबांच्या घरची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार विचार करावयास लावणारी आहे. ताराबाई माने या त्यांच्या पत्नी. १९२२ साली उभयतांत दुरावा आला आणि ताराबाई मुलांना घेऊन निघून गेल्या. मुलांनी आईचे आडनाव घेतले. अब्दुल रहमान होता तो सुरेशबाबू माने झाला, सकीना होती ती पुढे सरस्वती राणे म्हणून कीर्ती पावली, आणि थोरली मुलगी म्हणजे १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. या कौटुंबिक प्रसंगाचा न्यायनिवाडा करणे आपले काम नव्हे. आईने मुले एकटीने वाढविली, ही गोष्ट लहान नाही. नाव बदलले, घर बदलले, समाजही बदलला. गळ्यावरचा संस्कार मात्र राहिला. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम होती; ती त्यांनी बहिणींना दिली. हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडूनही शिकावयास मिळाले. ज्या काळी स्त्रीचे गाणे म्हणजे बैठकीचे आणि बदनामीचे समजत, त्या काळी हिराबाई तिकीट लावून, सभागृहात, प्रतिष्ठेने गायल्या. १९७० साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मिरजेच्या घरात लहानपणी कानावर पडलेला षड्ज कोणत्याही नावाखाली पुसला गेला नाही.

हिराबाईंचे नाव आले म्हणून मनातली एक गोष्ट बोलून टाकतो. हुन्नराच्या घराण्यांच्या वंशावळी सांगितल्या जातात त्या मुलग्यांच्या. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. त्याच अंगणात, त्याच आवाजात वाढलेल्या मुलींचा कान काय कमी तयार झाला असेल? तो कान लग्न होऊन दुसऱ्या घरी गेला आणि तेथे पोळपाट-लाटण्याच्या आवाजात हरवला. असो.

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की घरचे वळण चांगले असले म्हणजे सारे झाले. तसे असते तर मिरजेतलीच घरे का बदलली, आणि इतर गावचे शिकलगार का मागे राहिले? हात त्यांचेही तसेच होते. फरक होता तो एवढाच, की मिरजेत कोणीतरी बाहेरच्या माणसाने मोडलेले वाद्य त्या हातात ठेवले. घर हाताला वळण देते. पण त्या हाताने काय करावे, याचे दार पुष्कळदा घराबाहेरचा माणूस उघडतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात घडले, आणि त्याचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यात आहे.

खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. कुटुंब पुण्यास गेले, फुलांचा व्यवसाय करू लागले, आणि फुले झाले. शिकलगारांचे सतारमेकर झाले तशीच ही रीत. १८२७ साली जन्मलेले जोतीराव शाळेत जाऊ लागले. परंतु लोकांनी गोविंदरावांचे, म्हणजे वडिलांचे, कान भरले की शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही. वडिलांनी शाळा बंद केली. मुलगा मळ्यात राबू लागला. वर सांगितलेले दुसऱ्या प्रकारचे पालक ते हेच. तीन-चार वर्षे अशी गेली. तेव्हा शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे युरोपियन गृहस्थ या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. पोर हुशार आहे, त्याला शाळेत घाला. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या मुन्शीजींनी ग्रंथ लिहिला नाही की संस्था काढली नाही. शेजाऱ्याच्या पोराविषयी शेजाऱ्याशी बोलले, एवढेच त्यांचे काम.

याच गोविंदरावांची दुसरी बाजूही सांगावयास हवी, नाही तर इतिहास गोड गोड होईल. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. समाजाचा दाब आला, आणि १८४९ साली त्याच वडिलांनी मुलाला व सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. जो समाज माणसाला वाढवतो तोच त्याला दाबतोही. त्या वेळी आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, आपल्या घरात. त्यांच्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने मुलींच्या शिक्षणाच्या कामात उतरल्या. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव, तेही साताऱ्याचेच. आजारपणात त्या माहेरी असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, की तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. नायगावच्या पाटील घराण्यात वाढलेली मुलगी आजारी असताना आपल्या मुसलमान मैत्रिणीच्या श्रमाची काळजी करते. हे तिला तिच्या माहेरच्या वळणाने शिकवले नव्हते आणि सासरच्यानेही नव्हते.

शेजारी भेटला तर ठीक. न भेटला तर? एकेका गफ्फार बेगच्या भरवशावर साऱ्या खेड्यांतील मुलांना सोडून कसे चालेल? हा प्रश्न पुढच्या शतकात राजर्षी शाहू महाराजांनी सोडवू पाहिला. त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास हातभार लावला, आणि त्यात मुसलमान मुलांसाठी १९०६ साली बोर्डिंग निघाले. खेड्यात वाढलेल्या मुलाला दोन वेळची भाकर आणि शिकणाऱ्या मुलांची सोबत मिळाली की त्याचे नशीब पालटते, हे महाराजांनी ओळखले होते.

कोल्हापुरच्या जैन बोर्डिंगात त्या काळी एक उंच, धिप्पाड, काहीसा हूड मुलगा होता. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील ते हेच. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्यांना जावे लागले. एकाच जातीचे वसतिगृह मुलाला आसरा देते, तसेच त्याला आतल्या आत कोंडतेही, हा अनुभव त्यांनी विसरला नाही. पुढे मिरजेजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले, आणि १९२७ साली २५ फेब्रुवारीला महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची व धर्मांची मुले एका चुलीवरचे जेवत, आणि तो स्वयंपाक, दळण, लाकूडफाटा पुष्कळसा स्वतःच करीत.

या वसतिगृहाविषयी बोलताना भाऊरावांचे नाव सगळे घेतात. मला त्याहून नवल वाटते ते लक्ष्मीबाईंचे. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेली ही बाई. तिच्या घरात महार, मांग, मराठा, मुसलमान पोरे जेवावयास बसली. तिला जे बाळपणी शिकवले होते त्याच्या नेमके उलट होते हे. मुलांच्या पोटासाठी तिने अंगावरचे दागिने मोडले, आणि एकदा तर मंगळसूत्रही. १९३० साली ती गेली. लहानपणीचे वळण आयुष्यभर टिकते म्हणतात. लक्ष्मीबाईंनी ते तिशीत मोडून नवे घडविले. घरी आलेल्या मुलांनी तिला वाढविले, असेही म्हणता येईल.

मिरज तेव्हा संस्थान होते आणि तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा इतिहास वेगळा काढता येत नाही. ज्या मुलखात एका शिकलगाराने सतार केली, त्याच मुलखात एका पाटलाने बोर्डिंग काढले, आणि दोघांनीही जुने हात नव्या कामाला लावले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्या गल्लीतील मुले शाळा-कॉलेजात जातात. त्यांच्यापैकी काही कानस हाती धरतील, काही धरणार नाहीत. जी धरणार नाहीत त्यांच्या घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये असे मला वाटते. फरीदसाहेबांनीही वडिलांची तलवार खाली ठेवलीच होती.

आता पुन्हा प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्याकडे येतो. त्यात एक आडनाव फार वेळा येते, मुल्ला. गावगाड्यात मुल्ला हा बलुतेदार. मशिदीची देखभाल करावी, गावासाठी जनावर हलाल करावे, आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून वाट्याचे धान्य आणावे, अशी त्याची पायरी ठरलेली. त्याच आडनावाचे एक वकील साताऱ्यात होऊन गेले, इस्माईलसाहेब मुल्ला. ते कर्मवीरांचे सहकारी झाले आणि रयत शिक्षण संस्थेच्या कामात राहिले. संस्थेने साताऱ्यात कायद्याचे महाविद्यालय चालविले, त्याला त्यांचेच नाव आहे. कोठल्याही जातीची, कोठल्याही आडनावाची मुले-मुली आज तेथे वकिलीच्या अभ्यासासाठी जातात, आणि आत शिरताना फाटकावर पहिला शब्द वाचतात तो इस्माईलसाहेब मुल्ला.